तळ्यांपर्यंत आणि परत, स्वतःच्या पायांनी

मस्कत,
जानेवारी, रविवार

चि. चंद्रहास यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी पोटातली जळजळ कमी झाली का, आणि रात्रीची मिसळ बंद केलीस का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी कळव. सौ. भावनाची कंबर कशी आहे? तिला सांग, तेल लावून शेकायचं असतं, शेकून तेल लावायचं नसतं. मी इथे खुशाल आहे. पत्र हाताने लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणत बातम्या बघत असतोस. (जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आहे मी. कोण ऐकतंय आणि कोण नुसती मान डोलावतंय, हे मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं.) मैथिलीच्या ऑफिसातली एक मुलगी पुण्याला निघाली आहे, तिच्याबरोबर हे पाठवते.

आता मुद्द्याचं. चिंचवडचा माझा फ्लॅट तू एका गिऱ्हाइकाला दाखवून आलास, हे मला मैथिलीकडून कळलं. तुझ्याकडून नाही, प्रसादकडूनही नाही, सुनेकडून. मामा-भाच्यांचं हे खलबत कधीपासून चाललंय ते मी विचारत नाही. त्या संध्याकाळी जेवताना मी प्रसादला सरळ विचारलं, तर तो वरणात भात कालवत बसला. मग म्हणाला, “आई, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाबा गेल्यापासून तू एकटी. इथे काय कमी आहे तुला?” कमी काहीच नाही रे. इथे एसी आहे, गॅलरी आहे, गॅलरीतून समोरच्यांची गॅलरी दिसते. सकाळी सगळे गेले की मी आणि फ्रिज दोघंच जागे असतो. पण चिंचवडला मी भाजीवाल्याशी भांडू शकते, वाचनालयात आपल्या नावाने पुस्तक काढू शकते, आणि कोणाला न विचारता चहा टाकू शकते. इथे चहा टाकला तरी सून म्हणते, “आई, मी केला असता ना.” चांगली आहे ती. पण रोज सुखरूप ठेवून घेतल्यासारखं वाटतं, लोणच्याच्या बरणीसारखं.

तर मी त्याला म्हटलं, “माझ्या पायांवर तुझा विश्वास नाही ना? मग तुमच्या या देशात चढायला सगळ्यांत अवघड काय आहे ते सांग. मी चढून, उतरून दाखवते. दाखवलं तर फ्लॅट विकायचा नाही आणि फेब्रुवारीत मी घरी जाणार. नाही जमलं तर म्हणशील तिथे सही करते.” प्रसाद हसला. मैथिलीने मात्र निमूटपणे फोनवर एक फोटो शोधून माझ्यापुढे धरला. निझवाच्या पलीकडे, डोंगरात, कड्याखाली एकामागे एक तीन तळी. फोटोखाली कोणी हौशी माणसाने ‘अल्पाइन लेक’ असं लिहिलं होतं. (आल्प्स युरोपात आहेत. पूर्वी असं कोणी परीक्षेत लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.) पहाटे निघून संध्याकाळी परत, वाट खडकाळ, वरच्या टप्प्यात कडेला दरी. मी म्हटलं, हेच. प्रसादला वाटलं, चार दिवसांत आई विसरेल. मी काही विसरत नाही हे त्याला एव्हाना माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सराव सुरू केला. या इमारतीचे सगळे जिने दोनदा चढायचे आणि उतरायचे. उस्मान म्हणून वॉचमन आहे, फार भला माणूस. म्हातारीला जिन्यात बघून त्याला वाटलं लिफ्ट बंद पडली. त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक आला, लिफ्ट चालूच. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जिन्यात, पुन्हा मेकॅनिक. शेवटी मला उस्मानला समजावून सांगावं लागलं की लिफ्ट ठीक आहे, बिघाड माझ्या मुलाच्या डोक्यात आहे. तेव्हापासून मी दिसले की तो “यल्ला, मांजी, यल्ला” म्हणून हाकारतो. (यल्ला म्हणजे इथलं ‘चला, चला’.)

प्रसादने आमच्याबरोबर त्याच्या ऑफिसातल्या रुपेशला घेतलं. रुपेश नाशिकचा, इंजिनियर, उमदा मुलगा, पण सह्याद्री अंगात भिनलेला. अंगावर गडकिल्ल्यांचा टीशर्ट, तोंडात गडकिल्ल्यांच्या गोष्टी, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये, पुढे कळलं, गूळपोळ्या. पाणी माणशी एक बाटली बास, असं त्याने फर्मान काढलं. मी विचारलं, “आणि संपलं तर?” तर म्हणतो, “काकू, वाटेत टाकं असतंच. नकाशात दाखवलंय.” आपल्याकडच्या गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात, बारमाही, म्हणून जगातल्या प्रत्येक डोंगरावर कोणीतरी आधीच जाऊन टाकं खोदून ठेवलं आहे अशी याची समजूत. मी सांगून पाहिलं की बाबा रे, हा चुनखडीचा डोंगर, पाऊस नावाला, पडलेलं पाणी जमिनीच्या पोटात जातं. “मिळेल काकू, इन्शाल्ला,” म्हणाला. मग मी गुपचूप तीन बाटल्या आणि थर्मासभर ताक माझ्या पिशवीत भरलं. वर छत्री घेतली. छत्री बघून प्रसाद म्हणाला, “आई, ओमानमध्ये?” मी म्हटलं, टेकायला.

नातीला शेजारच्या मुनिबाकडे ठेवलं. निघताना नात मला म्हणाली, “आजी, तू फॉल होणार आहे का?” मी म्हटलं, नाही. “ओके,” म्हणाली आणि पुन्हा झोपली. घरात माझ्यावर इतका पटकन विश्वास ठेवणारी ती एकटीच.

गाडी डोंगरातल्या त्या शेवटच्या गावात लावली तेव्हा थंडी अशी होती की मी कानटोपी घातली, आणि रुपेश टीशर्टवर कुडकुडत “मस्त वेदर आहे” म्हणत राहिला. गावाबाहेर डाळिंबाच्या बागा, हिवाळ्यात पानं झडलेल्या, आणि मग नुसता दगड. वाट म्हणजे दगडांवर रंगवलेले पिवळे-पांढरे-लाल पट्टे. एक पट्टा गाठायचा, पुढचा शोधायचा. मला ते आवडलं. डोळ्यासमोर सगळा डोंगर ठेवला की छाती दडपते, पण पुढचा पट्टा कोणालाही गाठता येतो. पहिला तास मी सगळ्यांत मागे होते. दुसऱ्या तासाला प्रसाद सगळ्यांत मागे होता. दिवसभर खुर्चीत बसून त्याचं पोट असं पुढे आलंय की चढावर ते आधी पोहोचतं आणि मागून तो. मैथिली माझ्याबरोबरीने चालत होती, हात न धरता, पण हाताच्या अंतरावर. (मी ते पाहिलं नाही असं तिला वाटतं. वाटू दे.)

नकाशातलं टाकं आलं. म्हणजे एक खोलगट खड्डा आला, त्यात बकऱ्यांच्या लेंड्या आणि कोणाची तरी एक चप्पल. रुपेश त्या खड्ड्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मला त्याची दया आली. नाशिकहून इतक्या लांब येऊन माणसाचा सह्याद्री असा कोरडा निघावा. प्रसादची बाटली केव्हाच संपली होती आणि गूळपोळी खाऊन त्याची तहान दुप्पट झाली होती. तेव्हा मी पिशवी उघडली. थर्मासच्या झाकणाने एकेकाला मोजून ताक दिलं, वर्गात खाऊ वाटल्यासारखं, ओळीने. प्रसाद झाकण परत देत म्हणाला, “अजून आहे?” मी म्हटलं, “आहे. मागू नकोस. मी देईन तेव्हा मिळेल.” त्याक्षणी, चंदू, मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्यानंतरचा टप्पा मात्र खरोखर कठीण होता. कड्याला चिकटून गेलेली वाट, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खाली बघितलं आणि माझे पाय जागीच थिजले. हे मी फक्त तुला सांगते आहे, की त्या क्षणी परत फिरावं असं मला वाटलं. मागे वळले तर प्रसाद उभा. त्याने हात पुढे केला होता. तो हात धरला असता तर संपलंच होतं. मी खाली बसले आणि बूड टेकून, सरकत सरकत, ती सगळी वाट पार केली. पलीकडे जाऊन उठते तर प्रसाद म्हणतो, “आई, पायांनी ठरलं होतं.” मी म्हटलं, “बूडही माझंच आहे.” मग रुपेशला पंच केलं. त्याने निकाल माझ्या बाजूने दिला. ताकाचा परिणाम असेल.

आणि मग तळी. कशी होती ते तुला नीट सांगता येणार नाही. तीन हिरवी तळी, एकाचं पाणी दुसऱ्यात झिरपत येणारं, वर सरळ कडा, आणि आवाज म्हणून कसलाच नाही. बोटाएवढे मासे होते. ते इतक्या उंच कसे आले हे मला, भूगोलाच्या बाईला, माहीत नाही, आणि माहीत नसल्याचं वाईटही वाटलं नाही. मी बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. थंडीने कळ आली, पण काढले नाहीत. हे असते तर फोटोला नीट उभं राहा म्हणून मागे लागले असते. त्यांची फार आठवण आली.

प्रसाद शेजारी येऊन बसला. मैथिली रुपेशला घेऊन पलीकडच्या तळ्याकडे गेली, मुद्दामच. मग प्रसाद म्हणाला, “आई, बाबांच्या वेळी मला यायला दीड दिवस लागला. तिकडे लांब दुक्मच्या साइटवर होतो. गाडीत होतो, विमानतळावर होतो, विमानात होतो. तेवढा वेळ मला माहीत होतं की ते गेलेत आणि तू एकटी तिथे बसली आहेस. मला पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.” इतके दिवस मला वाटत होतं की त्याला फ्लॅटची कटकट नको आहे. मुलगा घाबरला होता रे, आणि मी त्याच्याशी पैज लावत बसले होते.

पण मी त्याला खरं तेच सांगितलं. म्हटलं, “बाळा, मी जाईन तेव्हा तुला वेळेवर पोहोचता यावं, म्हणून मी आत्तापासून तुझ्याकडे येऊन बसू का?” तो आधी हसला. मग रडला. मीही रडले. मग दोघांनी उरलेलं ताक संपवलं.

उतरताना प्रसादचा पाय मुरगळला. माझा नाही, त्याचा. मी त्याला छत्री दिली, तरी जमेना, तेव्हा माझ्या खांद्यावर हात टाकायला लावला, आणि दुसऱ्या बाजूने मैथिली. त्या कड्याच्या वाटेवर तोही माझ्या मागोमाग बूड टेकून आला, आणि पायांचं काय ठरलं होतं यावर एक शब्द बोलला नाही. गावात पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पहिल्याच घराच्या ओट्यावर कुलसुम नावाची माझ्याहूनही म्हातारी बाई बसली होती. तिच्या नवऱ्याचं निझवाच्या बाजारात दुकान होतं, तिथलं तिचं हिंदी. तिने आम्हाला बसवलं, खजूर आणि कॉफी पुढे केली, लंगडणाऱ्या प्रसादकडे पाहिलं आणि मला रागावली, “इतना कमजोर लड़का, इसको ऊपर क्यों ले के गया?” मी म्हटलं, “उसको हवा चाहिए थी.” ती म्हणाली, “घर में रखो.” मैथिली इतकी हसली की तिची कॉफी सांडली. प्रसादही हसला. आणि तिथेच, त्या ओट्यावर, तो म्हणाला, “खलास आई. फेब्रुवारीचं तिकीट काढतो.”

तर मी येते आहे. मुलांना आशीर्वाद, भावनाला सांगितलेलं तेल विसरू नकोस.

तुझी,
विद्याताई

ता. क. त्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळव. गोड बोलून. उद्या नाही, आज.

ता. क. २. प्रसादने एक अट घातली आणि मी ती मानली आहे. आजवर प्रवासाहून आले की पहिल्या दिवशी मी तुझ्याकडून किल्ली मागून घेत आले. या वेळी मागणार नाही. ती तुझ्याचकडे ठेव, आणि रोज सकाळी एकदा वर येऊन जा. चहा मी टाकेन. तू बेल वाजवूनही मी दार उघडलं नाही, तर किल्ली लाव आणि आधी प्रसादला फोन कर, मग रड. तुला सकाळी उठायचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे. एवढं मागण्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं. माझ्यासाठी ऊठ.

ता. क. ३. मी यायच्या आत चिंचवडच्या इमारतीच्या जिन्याला भिंतीच्या बाजूनेही एक धरायला दांडा बसवून घे. सोसायटीत सांग, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांसाठी हवा आहे. त्या डोंगरावरून आल्यापासून मला चढता येतं पण उतरता येत नाही. काल उस्मानने मला जिन्यात पाठमोरी, भिंत धरून उतरताना पाहिलं आणि बिचाऱ्याने पुन्हा मेकॅनिक बोलावला. हे प्रसादला कळता कामा नये. तो तुला फोन करून विचारेलच. तुला खोटं बोलता येत नाही, तेव्हा फोन भावनाकडे दे.