चिंचेच्या भाताचा दोष

धर्मापुरी,
१० ऑगस्ट १९९४

चि. ईश्वरीस,
कावेरीआत्याचे पोटभरून आशीर्वाद.

आमी सगळे धडधाकट हाव, हे आधी लिहिते. परवा श्रावणी सोमवारी आपल्या घरच्या दासोहाच्या पंगतीत जेवलेली तीस-पस्तीस माणसं दोन-तीन तासांत ओकायला लागली. सगळ्यात आधी आमचे हे, तुझे नागप्पामामा. दिवस मावळेस्तोवर सगळे उठून बसले, पण मला लई लाज वाटली. दरसालासारखाच चिंचेचा भात केलता. रविवारी सांजच्याला शिजवून टोपल्यात रचला, वरून ओलं धोतर अन् घोंगडी टाकून ऊब धरून ठेवला. सकाळी चिंचेचा कोळ घालून कडक फोडणी दिली. एवढ्या आचेत अन् आंबटात काय जगतंय?

आता गावात एकच बोलणं. कोळ छबुबाईनं काढला अन् तिच्या बोटाला चिंधी होती. केसरबाईनं तिला आपल्या घरच्या बारशाच्या सैपाकाला येऊ नको म्हणून सांगितलं. चार घरच्या सैपाकावर तिचं पोट हाय. खरं सांगते, मी बी तिला नकोच म्हणले. तू परभणीला अन्नाचंच शिकतीस, तर तिच्या बोटानं झालं का ते कळव.

तुझी आत्या,
कावेरी

परभणी,
१६ ऑगस्ट १९९४

प्रिय आत्यास,
शरणार्थ.

तुम्ही सगळे बरे आहात हे पहिल्याच ओळीत लिहिलंस, म्हणून पुढचं वाचता आलं. आत्या, भातात एक जंतू असतो. तो उकळीनं मरत नाही, टणक कवचात दडून राहतो. भात उबेत ठेवला की कवचातून बाहेर येतो, रात्रभर वाढतो आणि विष तयार करतो. ते विष फोडणीनं जात नाही, चिंचेनंही जात नाही. जखमेच्या बोटानंही असं होऊ शकतं, म्हणून नुसत्या अंदाजानं छबुबाईला निर्दोष म्हणता येत नाही. पण मामा तर चिंच तोंडाला लावत नाहीत. मग त्यांनी काय खाल्लं, ते विचार. आणि रागावू नकोस, भात सकाळीच शिजवायचा, नाहीतर परातीत पातळ पसरून लगेच निववायचा.

मामांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
ईश्वरी

धर्मापुरी,
२४ ऑगस्ट १९९४

चि. ईश्वरीस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. मग ह्यांना विचारलं. ह्यांनी फोडणीआधीच टोपल्यातला पांढरा भात काढून दुधात कालवून खाल्लता. छबुबाई तवर आली बी नव्हती. घोंगडी टाकली मी अन् नाव गेलं तिचं.

परवा सोमवारी पंगत बसल्यावर सगळ्यांदेखत उभी ऱ्हायले अन् म्हणले, "भात मी झाकून ठेवलता. चूक माझी हाय, छबुबाईची न्हाई." केसरबाई पत्रावळीकडं बघत ऱ्हायली. तिथून मी छबुबाईच्या घरी गेले. तिच्या दीड वर्षाच्या नातीला शेजारीण भरवत होती. पंधरा दिवसांपासून शेजारीणच भरवतीय म्हणे. कावून, तर छबुबाई म्हणली, "कावेरीबाई, माझा बी माझ्या हातावर इस्वास ऱ्हायला न्हाई."

मी दारातच बसले अन् रडले. मग उठून तिच्या हातावर पाणी घातलं. तिनं वरणात भाकर कुस्करली. पहिला घास मी मागून घेतला, दुसरा तिनं नातीला भरवला.

एवढ्यावरून आत्याला परकी करू नको.

कावेरी