जगाच्या चादरी

प्रिय आत्या,

न पाहिलेल्या गावाची आठवण ठेवता येते का? मला सांगता येत नाही. तू कामाला होतीस त्या हॉटेलातले पाहुणे खोलीत टाकून जायचे ती फ्रिजवरची चित्रांची चुंबकं तू आणून लोखंडी कपाटाला चिकटवायचीस. दीपस्तंभाचं दाखवून म्हणायचीस, "हे एकट्या आलेल्या आजोबांचं. शेजारची उशी बायकोची म्हणून हलवू देईनात!"

मी शाळेत सांगितलं, आमची आत्या जग फिरलीय. बाईंनी तुला विचारलं तेव्हा तू हसलीस. "फिरले कुठली? जगाच्या चादरी बदलल्यात. ही पोरगी थापाडी आहे."

तू गेल्यावर बाबा कपाट भंगारात द्यायला निघाले. "ताईचा पसारा," म्हणाले. मी ते माझ्या खोलीवर आणलंय. माझी, घरातली पहिली पदवी त्यावर, त्या आजोबांच्या दीपस्तंभाखाली लावलीय.

तुझीच,
थापाडी