वाळवीचा डोळा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वाळवीला डोळे नसतात! कामकरी वाळवीला तर नाहीतच – कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांनी दुपारी फोनवर दुजोरा दिला. म्हणजे आठवडाभर स्वयंपाकघराच्या दाराशी पालथा पडून, श्वास रोखून मी जो डोळा शोधत होतो, तो नव्हताच. ‘फोकस डोळ्यावर हवा, बाबा,’ – मॅक्रो लेन्स देताना जावयाने बजावलं होतं. मी आपला समजत होतो, हात थरथरतोय, वय झालं.

दुसरी दुरुस्ती – त्या पांढऱ्या मुंग्या नव्हेत. वाळवी.

हिला सांगितलं. हातातलं भांडं निसटलं. ‘आपल्या दाराला? आणि रविवारी घर बघायला गिऱ्हाईक येतंय!’ मुलीचे दिवस भरत आलेत. हे घर विकलं तरच तिच्या शेजारी बिऱ्हाड हलवता येणार. ‘कुणाला बोलला नाहीत ना?’

बोललो नव्हतो. फोटोग्राफीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. खाली ओळ – इमारत, मजला, स्वयंपाकघराचं दार. बातमीला स्थळ लागतंच! जन्मभर वार्ताहरांना हेच शिकवलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ही बोलत नाही. भांडी बोलतात.

औषधवाला उद्या येणार. म्हणजे आजच काय ते. डोळा नाही तर नाही, जबडा घेऊ. फ्लॅशवर बटरपेपर चिकटवला, उजेड मऊ झाला. पण फोकस जेमतेम नखाच्या जाडीएवढा – श्वास घेतला की जबडा गेला, सोडला की पाय गेले!

ही मला ओलांडून फ्रिजकडे गेली. ‘माझा फोटो काढताना कधी एवढे वाकला नाहीत.’

गुरुवार, ६ नोव्हेंबर

औषधवाला आला. ‘दोन मिनिटं थांबा हो,’ म्हटलं. ‘काका, ती कुठे जात नाहीये. मला जायचंय.’ भोकं पाडली, औषध भरलं, गेला.

पण त्याआधी एक फोटो साधला! जबडा लख्ख. ग्रुपवर टाकला. या खेपेला स्थळ गाळलं – सवय मोडताना बोटं दुखली.

रविवार, ९ नोव्हेंबर

गिऱ्हाईक म्हणजे एक दंतवैद्य. ही खिडक्या दाखवतेय, वारा दाखवतेय – ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. आणि आडवे!

‘हीच ती जागा ना? मीही आहे ग्रुपवर. काय जबडा काढलाय तुम्ही!’

हिचा चेहरा पांढराफटक. ‘औषध मारलंय हो! एक जिवंत नाही. हमीपत्र आहे!’

दंतवैद्य उठले, गुडघे झटकले. ‘अरेरे,’ म्हणाले. ‘कळवतो.’

ते गेल्यावर हिने दाराचं एकेक भोक बोटाने चाचपलं. ‘हमीपत्र कशाला बोलले मी!’

सोमवार, १० नोव्हेंबर

दंतवैद्यांचा फोन. घर पसंत, सांगू ती किंमत मान्य – दाराला जिवंत वाळवी असेल तर. शनिवारी कॅमेरा घेऊन येतायत. खालच्या वहिनींच्या कपाटाला वाळवी लागलीय, हिने सकाळीच चौकशी केली. संध्याकाळी वाटी घेऊन मी जायचं आहे.