पत्र्याचे कावळे

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१३ ऑक्टोबर २०२४

ती. विलीदादास,
धाकट्या अ‍ॅगीचा सा. न., आणि सोबत थोडा राग, दोन्ही वि. वि.

हे पत्र आपल्या पॅरिशमधल्या एका मुलीच्या पर्समधून वसईला येत आहे. ती सुट्टीवर निघाली आहे. माझी नात शेनॉन मला हसते. तिचं म्हणणं, ग्रॅनी, जस्ट व्हॉट्सअ‍ॅप हिम ना. आता तिला काय सांगू, की तिचे विलीआजोबा फोनवर नुसतं हं हं करतात आणि मेसेजला अंगठा पाठवतात. ज्याला उत्तर हवंच असेल त्याने पत्र लिहावं, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या. मला उत्तर हवंच आहे.

बातमी अशी की माझ्या लेकाची बदली टोरांटोला झाली. मार्चअखेर आम्ही सगळे निघणार. एवढ्या वर्षांचा संसार, खलास. सूनबाई आत्ताच कपाटं विकायला काढून बसली आहे. मला जाण्याचं दुःख नाही असं म्हणत नाही, पण त्याहून मोठी एक घालमेल आहे. मी इथे आहे तोवर तू एकदा यावंस आणि अजीजभाईंना भेटावंस. तुम्ही दोघांनी त्यांच्या शेतावर पुन्हा एकदा नेम धरावा. मी गेल्यावर तुला इथे बोलावणार कोण आणि तू उतरणार कुठे?

उम्म अल कुवैनचं ते शेत तुला आठवतच असेल. तू मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये उरलेल्या पत्र्याचे कावळे आणि उंदीर कापायचास आणि शुक्रवारी पहाटे पिकअपमध्ये घालून आणायचास. तुमच्या कंपनीतल्या इंग्रज इंजिनिअरने सांगितलं होतं ना, की त्याच्या देशात अशा मॅच सुरू झाल्या आहेत. पत्र्याच्या कावळ्याच्या छातीला भोक. एअरगनचा छर्रा त्या भोकातून जाऊन मागच्या पट्टीवर बसला तरच कावळा मागे पडणार. भोक चुकलं की नुसता टण्ण आवाज आणि कावळा आपला उभाच. मालवणचा गणू वेल्डर दर आठवड्याला म्हणायचा, की हा कावळा नाही, ही कोंबडी आहे, आणि हिचा रस्सा करावा. त्याचं बरोबर होतं, दादा. तुला कावळा कधीच जमला नाही.

मी आणि बाकीच्या बायका गाफच्या झाडाखाली दोऱ्या धरून बसायचो. कावळा पडला की दोरी ओढून उभा करायचा. जमिनीवर बसून नेम धरायचा म्हणून तुमच्यासाठी जुन्या पँटींच्या उशा मी शिवल्या होत्या, आत खजुराच्या बिया भरून. माझ्या क्रिस्टोफरला आयुष्यात एक उंदीर पाडता आला नाही, तरी तो एक शुक्रवार चुकवायचा नाही. का, ते माझ्याआधी तुला कळलं होतं. तो जाऊन सहा वर्षं झाली, तरी टण्ण आवाज आठवला की मला हसूच येतं.

अजीजभाईंना फोन केला. आधी यल्ला यल्ला, चला चला म्हणाले, मग म्हणाले की जरा थंडी पडू दे. ठीक आहे, थंडी पडू दे. तू तयारीला लाग.

वहिनीला प्रेम. लोभ जुना आहे, तो उत्तर पाठवून ताजा ठेवावा.
तुझी
अ‍ॅगी

•

गिरीज, वसई
४ नोव्हेंबर २०२४

चि. अ‍ॅगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वहिनीने दोनदा वाचून दाखवलं, कारण तिला गणूचा रस्सा फार आवडला.

यायला मला काय हरकत? पण माझी जुनी रायफल घेतल्याशिवाय मी येणार नाही. परक्याच्या बंदुकीने मी कधी खेळलो नाही, हे अजीजलाही ठाऊक आहे. तेवढी परवानगी तू काढ. इथलं मी बघतो.

माझा कावळा कावळ्यासारखाच होता. तुझ्या उशा टोचायच्या.

सगळ्यांना आशीर्वाद. आहे तो जिव्हाळा राखून असावे.
तुझा
विली

•

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
५ डिसेंबर २०२४

ती. विलीदादास,
सा. न. वि. वि. (आज राग जास्त आणि नमस्कार कमी समजावा.)

तुझ्या त्या रायफलीपायी माझा महिना गेला. एअरलाइनच्या काउंटरवर म्हणाले, आधी पोलिसांचं पत्र आणा. परवान्याच्या ऑफिसात म्हणाले, हे सगळं आता अ‍ॅपवर होतं. अ‍ॅप म्हणतं, बंदुकीच्या मालकाचा इथला आयडी नंबर टाका. तुला इथला आयडी कुठला? मी माझा टाकला, तर अ‍ॅपने विचारलं की बंदूक कुठे आहे. मी तिथल्या मुलीला विचारलं, की बंदूक भारतात आणि मालकही भारतात असेल तर काय लिहायचं. ती गोड हसून म्हणाली, ममा, टुमॉरो. मी उद्या गेले तर सिस्टम बंद. परवा गेले तर ती मुलगी रजेवर आणि तिच्या जागी बसलेल्या पोऱ्याला एअरगन म्हणजे फुगे फोडायची बंदूक वाटत होती. मी त्याला भर ऑफिसात पत्र्याचा कावळा हातवारे करून समजावला. लेक म्हणतो, ममा, प्लीज, माझ्या व्हिसावर आहेस तू, बंदूक बंदूक करत फिरू नकोस.

शेवटी मी अजीजभाईंनाच सांगितलं. ते म्हणाले, की त्यांच्याकडे परवान्याची जुनी एअरगन आहे, विलीने ती शंभरदा हाताळली आहे. म्हणजे परक्याची बंदूक हे निमित्त संपलं. पण त्यांची तारीख काही पक्की होत नाही. थंडी पडली म्हटलं, तर त्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. लग्न झालं म्हटलं, तर गुडघा निघाला. तुम्हा दोघांना एकमेकांना भेटायचंय की मला वेड लावायचंय?

आणि दादा, एवढ्याशा मजकुराला तू तीन कागद खर्च केलेस. अक्षर बैलगाडीएवढं आणि ओळी डोंगर चढतायत. सिस्टर असत्या तर पट्टी उगारली असती.

नाताळच्या शुभेच्छा. वहिनीने कुलकुल पाठवावेत. माया पातळ होऊ देऊ नये.
अ‍ॅगी

•

गिरीज, वसई
२९ डिसेंबर २०२४

चि. अ‍ॅगीस,
अ. उ. आ.

कुलकुल पाठवत आहे. अर्धे अजीजचे, लक्षात ठेव. तू सगळे खाशील.

माझ्या पासपोर्टची मुदत संपली आहे. शिवाय केळीला पाणी लावायला माणूस नाही आणि वहिनीला एकटं टाकून येववत नाही. फेब्रुवारीत बघू. किंवा पुढच्या वर्षी.

पण तू शेताचा विषय काढलास आणि मला झोपेतसुद्धा ती शेवटची मॅच दिसते. मी आणि अजीज बरोबरीत. एकच उंदीर उरला होता, तोही पार त्या पाण्याच्या टाकीजवळ. समुद्राकडून वारा सुटलेला. अजीज वारा पडायची वाट बघत बसला, इतका वेळ की गणूने त्याच्या हातात चहा आणून दिला आणि तोही थंड झाला. मग त्याने बंदूक खाली ठेवली आणि म्हणाला, की विली, आज राहू दे, तू सुट्टीवरून परत आलास की पाडू. मी परत गेलोच नाही. बाबा आजारी पडले आणि मी इथलाच झालो. त्याने तो उंदीर नंतर कधी पाडला का, तेवढं विचार.

लहानमोठ्यांना आशीर्वाद. आपलेपणा आहे तसा असू द्यावा.
विली

•

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
२० जानेवारी २०२५

ती. विलीदादास,
सा. न. वि. वि.

आता मी थकले. पासपोर्ट म्हणे. गेल्या वर्षी वहिनीसोबत श्रीलंकेला गेलास तो काय रेशनकार्डावर? केळीला माणूस नाही म्हणतोस आणि वहिनी फोनवर सांगते की केळी केव्हाच दुसऱ्याला कसायला दिली. मी तुझ्या दारात रुसून बसले असते, पण मधे समुद्र आहे.

तुमच्या तारखांना कंटाळून परवा शनिवारी मी न सांगताच अजीजभाईंकडे गेले. लेकाला गाडी काढायला लावली. कुलकुलचा डबा मांडीवर. (अर्ध्याहून थोडे कमी होते, कबूल.) उम्म अल कुवैनच्या त्या वळणावर आलो आणि मला वाटलं आपण रस्ता चुकलो. लेक म्हणाला, की ममा, मॅप हेच दाखवतो.

दादा, शेत नाही. गाफचं झाड नाही, पाण्याची टाकी नाही. निळ्या पत्र्याची गोदामं, एकाला एक लागून, आणि मधे ट्रक वळवायला सिमेंट. अजीजभाईंच्या मुलांनी चार वर्षांपूर्वी बांधली. ते स्वतः मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहतात. मला बघून उठले आणि सरळ उभेच राहिले, चोरी पकडल्यासारखे. मग गावा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, ओतला, खजूर पुढे केला. बराच वेळ आम्ही हवापाण्याचंच बोललो.

मी विचारलं, की मला ऑक्टोबरपासून का नाचवलंत? सरळ सांगायचं होतं. तर मान खाली घालून त्यांच्या त्या अरबी वळणाच्या मुंबईच्या हिंदीत म्हणाले, की सांगितलं असतं तर विली आला नसता. तो निशाण्यासाठी येणार, माझ्यासाठी थोडाच. वाटलं होतं, तोवर कुठेतरी दुसरी जागा मिळेल. मुलांना विचारलं, ओळखीच्या शेतकऱ्यांना विचारलं, कुणी बंदुकीचं नाव ऐकायला तयार नाही. रमजाननंतर, इन्शाल्ला, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. रमजान मार्चमध्ये. तोवर माझ्या बॅगा भरलेल्या.

तुझा उंदराचा प्रश्न विचारला. म्हणाले, की नाही. त्या मॅचनंतर त्या उंदरावर त्यांनी कुणाला नेम धरू दिला नाही. तो टाकीजवळ उभ्याउभ्या गंजून गेला.

येताना गाडीत मी रडले. लेकाने रेडिओ मोठा केला, बिचाऱ्याला दुसरं काही सुचेना.

तर आता तुला खरं कळलं. शेत नाही, मॅच नाही, कावळा नाही, कोंबडीही नाही. आता पासपोर्ट, केळी, काहीही सांगायची गरज उरली नाही. नाही यायचं तर नको येऊस. मी कपाटं विकते.

राग आहे, पण लोभही आहे. दोन्ही सांभाळून घ्यावे.
अ‍ॅगी

•

गिरीज, वसई
१ फेब्रुवारी २०२५

चि. अ‍ॅगीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी सांगतो आहे आणि वहिनी लिहिते आहे. म्हणून या वेळी ओळी डोंगर चढणार नाहीत.

शेत गेलं हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याआधी मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाज वाटली. तुझ्यापासून लपवलं ते आता सांगतो. माझा उजवा डोळा गेला. दोन वर्षं झाली. कडेकडेने अंधुक दिसतं, पण नेमकं जिथे बघावं तिथे काळा डाग. डॉक्टर म्हणाले की हे परत यायचं नाही. डावा चालतो, पण वाचायला त्रास होतो. म्हणून फोनवर अंगठा.

डाव्या डोळ्याने, डाव्या खांद्यावर बंदूक लावून बघितली. मागच्या भिंतीवर डब्याचं झाकण लटकवलं. झाकण जागचं हललं नाही, शेजारच्यांचं कौल फुटलं. वहिनी म्हणाली की पुरे. अजीजसमोर माझं हे असं व्हावं हे मला सहन झालं नसतं. त्याने वारा पडायची वाट बघत इतकी वर्षं थांबावं, आणि मी जाऊन आकाशात छर्रे मारावेत?

आता तिथे नेम धरायला काही नाहीच, तर मला यायला हरकत नाही. पासपोर्ट चांगला आहे. १५ तारखेचं तिकीट काढलं आहे. वहिनीही येते. रायफल घरीच राहील, तेव्हा त्या मुलीला सांग की आता सिस्टम चालू झाली तरी चालेल.

अजीजला डोळ्याचं तूच सांग. मला सांगवणार नाही.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. कपाटं विकू नकोस, आम्ही कपडे कुठे ठेवायचे?
विली

(माझ्याकडूनही नमस्कार. दोन वर्षं हे गुपित पोटात ठेवून माझीच तब्येत बिघडली होती. — वहिनी)

•

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
९ फेब्रुवारी २०२५

ती. विलीदादास आणि ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आपल्या पॅरिशचे एक अंकल उद्या निघतात, तेव्हा तुम्ही विमानात बसायच्या आत हे मिळेल. वहिनी मोठ्याने वाचेल, म्हणून जपून लिहिते.

दादा, तू महामूर्ख आहेस. हे मी जपून लिहिलं आहे. मी त्या ऑफिसात कावळ्याचे हातवारे करत होते आणि तू तिकडे शेजाऱ्यांची कौलं फोडत होतास. डोळा गेला हे बहिणीला सांगायला कसली लाज? तुझं पत्र आलं त्या दिवशी शेनॉनने मला दोनदा विचारलं, ग्रॅनी, आर यू ओके. मी हो म्हटलं. नव्हते.

काल अजीजभाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की कुठला डोळा. मी म्हटलं, उजवा. जरा विचार करून म्हणाले, की मग तू एअरपोर्टवर येऊ नकोस, विलीला मीच माझ्या पिकअपमधून आणतो. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. मी चालवत असलो की त्याच्या डाव्या बाजूलाच असतो. त्याला मी दिसेन.

लवकर या.
तुमची
अ‍ॅगी