डब्यातली पावडर

सूनबाई,

वीस किलोमीटर पळून येशील तेव्हा मी घरात नसेन. घाबरू नकोस. फ्रिजमध्ये तुझा शेक करून ठेवलाय. आधी तो पी, मग आंघोळीला जा.

तुझी प्रोटीन पावडर लवकर संपते म्हणून नवऱ्याशी भांडलीस ना? तो बिचारा डब्याला हातही लावत नाही. मीच रोज दोन चमचे दुधात घालून पीत होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू 'चला, थोडं फिरू' म्हणालीस की मी खेकसायचे. मग मागणार कोणत्या तोंडाने? तू पळायला गेलीस की घरातल्या घरात फेऱ्या मारायचे आणि तू यायच्या आत पुन्हा पलंगावर!

आज बागेपर्यंत जातेय. डॉक्टर हो म्हणालेत. दाराआड काठी दिसेल, ती घेऊन माझ्यामागे धावू नकोस. विसरले नाहीये, मुद्दाम ठेवून गेलेय.