हिरव्या लुगड्याचा खुलासा

मेडशी, पौष महिना

तीर्थस्वरूप प्रयागबाई अक्कास,

धाकट्या पुंजाजीचा पायावर डोकं ठेवून दंडवत. इकडे आम्ही मजेत आहोत. रिठदला तुम्हीही तसेच असाल, भाऊजींचा गुडघा वळणावर आला असेल आणि तुझा आवाज कायम असेल, असं धरून चालतो. (फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.) दिवाळीला आमच्या दोरीवर राहिलेल्या तुझ्या हिरव्या लुगड्याची तू सारखी चौकशी करतेस. लुगडं सुखरूप आहे, फक्त ते परत येणार नाही. कारण सांगतो, पण जरा लांबून सांगावं लागेल.

आमची वैजयंती अमरावतीहून चित्रकला शिकून आली आणि तिने तरुण कलाकारांच्या एका मोठ्या बक्षिसासाठी अर्ज केला, हे तुला ठाऊक आहेच. संक्रांतीपर्यंत बक्षीस आलं तर पोरगी पुढे शिकेल, नाही आलं तर तू आणलेल्या स्थळाला होकार, हे तूच ठरवलंस आणि मी मान डोलावली (तू समोर असलीस की माझी मान एकाच दिशेने हलते). पोरीने सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात बुजगावणी उभी करायला घेतली. पीक घरात आल्यावर राखण कशाची, असं अख्खं गाव विचारत होतं. ती म्हणाली, पीक निघालं की माणसं कामाला बाहेरगावी जातात, त्यांच्या जागा राखायच्या. मग लोकांनी आपणहून जुने कपडे आणून दिले. गोमतीबाई तर पुण्याला निघताना स्वतःच्या बुजगावण्याला घराकडे लक्ष ठेव म्हणून बजावून गेली. तूही गाव सोडून सासरी गेलेलीच, म्हणून तुझंही केलं, त्या हिरव्या लुगड्यात, एक हात कमरेवर. मी तर इथेच आहे, मग माझं कशाला केलंस विचारलं, तर म्हणाली, गावात मागे कुणीतरी राहिलेलं दिसायला पाहिजे.

परीक्षक मुंबईहून काम पाहायला येणार त्या दिवशी मदनसिंग सरपंच शाल-नारळ घेऊन हजर. वैजयंतीने त्याला परत पाठवलं आणि मला ताकीद दिली की वावरातलं काही हलवायचं नाही, मधे बोलायचं नाही. मी काही हलवलं नाही अक्का. फक्त रोजच्या सवयीने बैल बांधावरच्या बाभळीला बांधला. आता कडब्याने भरलेला माणूस दोराच्या टप्प्यात उभा असेल तर बैल काय करणार? मी पाहिलं तेव्हा मी (म्हणजे तो मी) कमरेपर्यंत संपलो होतो. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. मला काही सुचेना. उरलेला मी उचलून शेजारच्या उभ्या तुरीत टाकला आणि त्या जागी हात पसरून उभा राहिलो.

परीक्षक दोघं होते, एक बारीक केस कापलेल्या बाई आणि एक दाढीवाले. एकेका बुजगावण्यापुढे थांबून ते वाहवा करत होते. माझ्यापुढे आले आणि वाहवा थांबली. बाई म्हणाल्या, बाकी सगळ्यांत माणूस दिसतो, यात दिसत नाही. दाढीवाल्यांना माझा चेहरा फारच कृत्रिम वाटला. अक्का, जन्मभर हाच चेहरा घेऊन मी बाजारहाट केला, कुणी असं बोललं नव्हतं. बैलाने हात चाटला, माशी नाकावर बसली, मी सगळं सोसलं. मग ते तुझ्यापुढे गेले. दाढीवाले जरा मागे सरकले आणि हळूच म्हणाले, "हिच्यासमोर आल्यावर उगाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं."

मला हसू आवरलं नाही. बाई किंचाळल्या आणि दाढीवाले तुरीत जाऊन पडले, नेमके माझ्या उरलेल्या भागावर.

वैजयंती पांढरीफटक पडली. "बाबा, तुमी कायले उभे राह्यले?"

"तुह्या कामात माही जागा खाली दिसली असती नं, पोरी."

ती तिथेच रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. परीक्षक बाईंनी विचारलं, आता या जागेचं काय करणार? तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता तिथं नुसती काठी राहू द्या. बाबा उभे होते, तेवढं बस झालं." बाईंनी ते लिहून घेतलं. मला मात्र वाटलं, पोरीचं नशीब मी आणि बैलाने मिळून खाल्लं. त्यानंतर मला अन्न गोड लागेना आणि बैलाशी मी बोलणं सोडलं.

काल निकाल आला. बक्षीस वैजयंतीला. मी गोठ्यात गेलो आणि त्याच बैलाच्या गळ्यात पडून पोटभर रडलो. इतका आनंद मला तिच्या जन्मानंतर झाला नव्हता.

भाऊजींना नमस्कार, लेकराबाळांना आशीर्वाद.

तुझा,
पुंजाजी

ता. क. स्थळाला नकार तूच कळव. शब्द तुझा होता, आणि नकार देणं मला जमत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

पुन्हा ता. क. मुंबईच्या प्रदर्शनात तुझं बुजगावणं शिरताच समोर ठेवणार आहेत. आत्याबाई आल्याशिवाय बक्षीस घेणार नाही, असं पोरगी अडून बसली आहे. तेव्हा ये. फक्त त्याच्या शेजारी उभी राहशील तेव्हा अधूनमधून हलत जा, म्हणजे दोघींतलं कुणाला घरी न्यायचं ते भाऊजींना कळेल.