लाल फीत बांधलेलं कपाट

भोर, ६ एप्रिल २००४

झुल्फिकार,

तुझ्या त्या मशिनी उचलून परत ने, न्हाईतर धरणात टाक, पण माझ्या डोळ्यासमोरून हलव. सलाम मागून. (बरं, सलाम. तुझ्या बायकोच्या, शाहीनच्या गुडघ्याचं काय झालं? अब्बांचा खोकला हाय तसाच हाय. झालं.) तुझ्या कंपनीनं जुन्या म्हणून काढल्या, तू साहेबांच्या मागं लागून आमच्या कॉलेजला मिळवून दिल्यास, स्वतः टेम्पोनं पोचवल्यास, माझ्या हातचा चहा पिऊन गेलास. त्याला सात महिने झाले. एका कॉम्प्युटरला दुसऱ्याशी जोडायचे ते डबे कपाटातच हाईत.

का, तर उद्घाटन व्हायचंय! प्राचार्यांनी कपाटाला लाल फीत बांधली, पाहुणे ठरवले, पाहुण्यांनी तीनदा तारीख बदलली. फितीवरची धूळ मी झाडत आले. अकरा वर्सं त्या कॉलेजात दुसरं केलंय काय? त्यात हेडक्लार्क रखमाजी लई हुशार. रजिस्टरात नोंद पायजे म्हणून त्यांनी एकेका डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातला, आणि कुठं, तर वायर खुपसायच्या भोकांवरच. म्या म्हनलं, अवो, ती भोकं हाईत. तर म्हणाले, "बाई, नंबर पुढनं दिसाया पायजे."

मग पोरी शिकतात कशावर? लोकरीवर. कुंडलिक सर (तासावर पगार, तोबी दिवाळीला) फळ्यावर डबा काढतात आणि वायरीतल्या आठ तारांच्या जागी आठ रंगांची लोकर वाटतात. लोकर माझी, जुना स्वेटर उसवलेली. अम्रीननं ते रंग इतके घोकले की मलाबी पाठ झालेत. तिचे वडील, तुझे दुलाभाई, जेवताना ओरडतात, "सालनात मीठ न्हाई आणि मायलेकी रंग मोजतायत!"

गेल्या साली परीक्षेला बाहेरचे साहेब आले, त्यांनी खरी वायर हातात दिली. लोकर कशीबी वळते, तार वळत न्हाई. पोरीनं तारा उलट्यासुलट्या बसवल्या, नापास. संगं अजून सहा जणी. आता सोमवारी परत परीक्षा. ह्या खेपेलाबी नापास झाली तर दुलाभाईंनी शब्द देऊन ठेवलाय : मे महिन्यात कामरानशी निकाह. कामरान वाईट न्हाई, पानशेतला त्याची भुर्जीची गाडी हाय. पण पोरगीनं जन्मभर कांदा चिरावा म्हणून म्या अकरा वर्सं झाडू मारला व्हय?

तुझ्याकडून मला काई नको. नुसतं कळावं म्हणून लिहिलं.

तुझी आपा,
बिलकीस

ता. क. रविवारी त्या कपाटाचं कुलूप तुटलं. सात पोरी दोन तास मशिनींवर बसल्या. ब्लेडनं रंग खरवडला, वायरी जोडल्या, हिरवे दिवे लागले, ह्या खोलीत लिहिलेलं त्या खोलीत दिसलं. कुंडलिक सर दाराकडं तोंड करून उभे होते. म्हणाले, "बिलकीसबी, मी इथं नाहीच." मी रडले, पण ते कुणाला सांगू नको.

दुसरा ता. क. प्राचार्य म्हनतात, हा चोरीचा डाव. कुलूप म्या वरवंट्यानं तोडलं असं लिहून सही दिली. कालपासून कामावर न्हाई. तरी चौकशी होईस्तोवर रखमाजींनी अम्रीनचं हॉल तिकीट दाबून ठेवलंय. कंपनीच्या कागदावर साहेबांकडून दोन ओळी आण : मशिनी पोरापोरींनी हाताळायला दिल्यात, कपाटात ठेवायला न्हाई. माझ्या नोकरीचं त्यात काई लिहून घेऊ नको.

तिसरा ता. क. कुलूप अम्रीननं तोडलं. आता हे तुला ठाऊक आणि मला. कागद शनिवारी दुपारच्या आत हितं पायजे. येणार का न्हाई, ते शुक्रवारपर्यंत कळव.